पाच मीटर इकडे-तिकडे

माझ्या पुस्तकांच्या कपाटात, शब्दकोशाच्या शेजारी, एक चपटं काळं यंत्र उभं ठेवलेलं आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला तो जुना मोबाइल वाटतो. ते जीपीएस आहे. गाडीच्या काचेला चिकटवता येतं आणि काढून खिशात घालून पायीही चालता येतं, असं. गेल्या पौषात आप्पा, म्हणजे माझे वडील, गेले, त्यानंतर मी ते एकदाही चालू केलेलं नाही. पुसतो मात्र. पुस्तकांवरची धूळ झटकताना त्याच्यावरूनही फडकं फिरवतो.

ते घेतलं ते आईसाठी. आई वैशाखात गेली. आमच्यात दहन नसतं, बसवून माती देतात, आणि आमच्या घराण्यात ती आपल्याच शेतात देतात. रेणापूरजवळच्या गावी आमचं शेत आहे. माझा चुलतभाऊ ते कसतो, त्याचंही आणि आमच्या वाट्याचंही. मी नांदेडला कॉलेजात ग्रंथपाल होतो, आईआप्पा माझ्याकडेच असत. आईनं आधीच बजावून ठेवलं होतं, "माझ्यावर चबुतरा-बिबुतरा बांधू नका. जागा अडते. वरून पेरा. चार शेंगा जास्तच लागतील." ती हे अशा सुरात सांगायची, की जणू मेल्यावरही तिला घरखर्चाला हातभार लावायचा आहे.

तेव्हा चबुतरा नाही, दगड नाही. नुसता मातीचा उंचवटा. महिन्याभरात मृग लागणार, भाऊ कुळवाची पाळी घालणार, पेरणी होणार आणि उंचवटा सपाट होणार. मग आई नेमकी कुठं, हे सांगणारं काही उरणार नव्हतं. मला या विचारानं झोप लागेना. कुठल्या कपाटात, कितव्या फळीवर काय आहे हे आयुष्यभर लिहून ठेवणारा मी माणूस. आईचीच जागा नोंदीत नसावी, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

आप्पांना ही काळजी नव्हती. आप्पा मोजणीदार होते. भूमी अभिलेख खात्यात साखळी घेऊन त्यांनी अर्धा जिल्हा मोजला होता. साखळी टाकण्याआधी ते बांध नुसते चालून जात आणि आकडा सांगत, आणि साखळी तोच आकडा सांगे. "माझं पाऊल म्हणजे अडीच फूट," ते म्हणायचे. "उन्हात फुगत न्हाई, पावसात आकसत न्हाई." आईला माती दिली त्या दिवशी सगळे विहिरीवर हातपाय धूत असताना आप्पा एकटे मागे गेले. विहिरीच्या कोपऱ्यापासून बांधावरच्या कडुलिंबाच्या रोखानं चालत आले आणि मला म्हणाले, "एकशे चाळीस."

"टेपनं मोजून ठेवू का, आप्पा?" मी विचारलं.

"टेप?" ते म्हणाले. "मी हाय ना."

पुढे चार दिवस ते माझ्याशी फारसे बोलले नाहीत.

तेव्हा फोनात नकाशे नुकते येऊ लागले होते. पण ते रेंजवर चालत, आणि आमच्या शिवारात रेंज मिळायची ती विहिरीच्या कठड्यावर उभं राहून हात वर केला तर. म्हणून मी स्वतंत्र यंत्र घ्यायचं ठरवलं. घरी कारण वेगळंच सांगितलं. म्हटलं, लातूरकडं सारखं जाणं-येणं असतं, रस्त्याला सोबत होईल. बायकोनं माझ्याकडं पाहिलं आणि "बरं" म्हणाली. तिचं बरं म्हणजे तिला सगळं कळलेलं असतं.

दुकान नांदेडलाच, स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर होतं. आप्पाही आले. मी नको म्हटलं तरी आले. दुकानदारानं काचेवर तीन यंत्रं मांडली. पहिलं मोठ्या पडद्याचं, टॅक्सीवाले नेत तसलं. त्याचा जीव गाडीच्या वायरवर. खाली उतरवलं की अर्ध्या तासात मान टाकायचं. दुसरं डोंगर चढणाऱ्यांचं, रबरी, विटेएवढं जाड. ते पाण्यात पडलं तरी चालेल असं दुकानदार म्हणाला.

"विहिरीत पडलं तर?" आप्पांनी विचारलं.

"काढायला कुणी असलं तर चालंल, काका."

पण त्या विटेला गाडीतले रस्ते नीट कळत नव्हते आणि खिशात घातली की सदरा एका बाजूला ओढला जाई. तिसरं यंत्र पातळ होतं, सदऱ्याच्या खिशात पंचांगासारखं सरकायचं. त्याला दोन चित्रं होती, एक मोटारीचं, एक चालणाऱ्या माणसाचं. मोटारीवर बोट ठेवलं की ते रस्त्यारस्त्यानं नेई आणि एका बाईच्या आवाजात वळणं सांगे. माणसावर ठेवलं की रस्ते पुसट होत आणि आपण व आपली जागा यांच्यात एक सरळ रेघ, एक बाण आणि राहिलेलं अंतर, एवढंच उरे. मला ती सरळ रेघ पाहताक्षणी आवडली.

"किती नेमकं दाखवतं?" मी विचारलं.

"एकदम परफेक्ट, सर. पाच मीटर इकडे-तिकडे."

आप्पांनी चष्मा काढला. "पाच मीटर? पाच मीटरनं बांध सरकला तर आमच्याकडं कुऱ्हाडी निघायच्या. आमच्या खात्यात पाच मीटर चुकणाऱ्याला पाणी भरायला बी ठेवलं नसतं."

"काका, हे वरून, आभाळातून मोजतंय."

"त्येच म्हणतोय मी. खाली उतरून मोज म्हणावं."

मी पातळ यंत्र घेतलं. येताना आप्पांनी ते हातात धरलं, उलटंपालटं केलं, आणि नाकाशी नेऊन वास घेतला. का ते मला आजही माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी यंत्र पारखायला आम्ही मुदखेडला जाऊन आलो. यंत्रातली बाई वळण सांगायची आणि त्याच क्षणी आप्पा काच खाली करून रस्त्यावरच्या माणसाला विचारायचे, "मुदखेडला असंच का?" ज्या रस्त्यानं आप्पांनी नोकरीत वर्षानुवर्षं ये-जा केली तो रस्ता. समोरचा माणूस सांगे, वर आणखी विचारी, कुणाकडं जायचंय, कुठले तुम्ही. आप्पांना तेच हवं असे. चौथ्यांदा गाडी थांबवायला लावल्यावर मी जरा चिडून म्हणालो, "आप्पा, ही सांगतेय ना."

"ती सांगतेय," आप्पा म्हणाले, "पण ती विचारत न्हाई काही."

पेरणीच्या आदल्या आठवड्यात मी आणि आप्पा गावी गेलो. गाडी शेताकडं जाणाऱ्या पांदीच्या तोंडाशी लावली. मी यंत्र काचेवरून काढलं, चालणाऱ्या माणसावर बोट ठेवलं आणि आईच्या उंचवट्यावर जाऊन ते धरून उभा राहिलो. ठिकाणाला नाव द्यायचं होतं. यंत्राला मराठी अक्षरं येत नव्हती, म्हणून रोमन लिपीत 'आई' लिहिलं. खूण निवडायची होती, तर पेट्रोल पंप, मासा, तंबू, झेंडा, घर असली चित्रं आली. मी घर निवडलं. आप्पा बांधावर उभे राहून बघत होते. भाऊ ट्रॅक्टर थांबवून बघत होता.

"झालं का नाव चढवून?" आप्पांनी विचारलं.

"झालं."

"सातबाऱ्यावर शेवटपर्यंत चढलं न्हाई तिचं. हितं तरी चढलं." हे ते हसत म्हणाले, पण मग वळून लिंबाकडं बघत राहिले.

त्यानंतर दर वैशाखात आम्ही जात असू. भल्या सकाळी नांदेड सोडायचं, अहमदपूरला स्टँडसमोर चहा घ्यायचा, तिथं आप्पांनी दोघांना तरी रस्ता विचारायचा, आणि ऊन चढायच्या आत शेतात पोचायचं. रान नांगरून काळंभोर पडलेलं असे. आप्पा विहिरीच्या कोपऱ्याला पाठ लावत, लिंबाकडं तोंड करत आणि चालू लागत. ओठ हलत असत. मी मागून, हातात यंत्र. एकशे चाळीसाव्या पावलाला ते थांबत आणि न बघता हात मागे करत. मी त्या हातात बेल आणि फुलं देई. पहिल्या वर्षी ते थांबले तेव्हा पडद्यावर दोन मीटर होते. दुसऱ्या वर्षी तीन. यंत्राच्या मानानं हे काहीच नव्हतं, आणि मला त्या दोघांचं जमतंय याचा आनंदच झाला.

तिसऱ्या वर्षी आप्पा थांबले तेव्हा सहा मीटर राहिले होते.

मला वाटलं, यंत्र चुकतंय. मी इकडेतिकडे चालून पाहिलं. उभं राहिलं की त्याचा बाण भरकटतो, चालत राहिलं तरच तो ठरतो. मी चाललो आणि बाण ठरला. आप्पांच्या पुढं, लिंबाच्या दिशेनं. चौथ्या वर्षी आठ मीटर. गुडघ्यानं त्रास द्यायला सुरुवात केली होती, मोतीबिंदूचं एक ऑपरेशन झालं होतं. आप्पा तेवढीच पावलं मोजत होते, एकही कमी नाही. पाऊल आखूड झालं होतं.

हे मी त्यांना सांगू शकलो नाही. ज्या माणसाच्या पावलावर गावोगावच्या भावाभावांनी विश्वास ठेवला, त्याला त्याचंच पाऊल खोटं सांगतंय हे कसं म्हणायचं? ते वाकून, जमिनीला एक हात टेकून, बेल वाहत. विभूती लावत. पुटपुटत काही बोलत. मी यंत्र बंद करून खिशात टाकी. मग ते विहिरीकडं परतायला लागले की मी थोडा मागे राही आणि उरलेलं अंतर एकटा चालून एक फूल पुढं ठेवून येई. दोन फुलं, दोन ठिकाणी. आई असती तर म्हणाली असती, एवढ्या लांबून येता आणि दोन जागी ताटं मांडता.

एका वर्षी त्यांनी अचानक विचारलं, "तुझी ती बाई काय म्हणतीय?"

पडद्यावर अकरा मीटर होते.

"तेच म्हणतेय, आप्पा."

"बघ," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की मी केलं ते बरोबरच असं मला वाटलं.

पुढं फोन सुधारले, शिवारात टॉवर आला. त्या यंत्राची बॅटरी थकत चालली. ठिकाण फोनात उतरवून घेणं पाच मिनिटांचं काम होतं. ते मी केलं नाही. आईला एका डबीतून दुसऱ्या डबीत काढल्यासारखं वाटायचं.

गेल्या पावसाळ्यात आप्पांनी अंथरूण धरलं. शेवटच्या वैशाखातही ते शेतात जाऊ शकले नव्हते. एका दुपारी मी त्यांना पेपर वाचून दाखवत होतो. त्यांनी हातानं पेपर खाली केला.

"खरं सांग. ती बाई काय म्हणत होती?"

कुठली बाई, असं विचारायची गरज नव्हती. मी पेपरची घडी घातली, आणखी एक घडी घातली. मग म्हणालो, "बारा मीटर पुढं, आप्पा."

त्यांनी नजर छताकडं लावली. ओठ हलत होते. बाराला अडीच फुटांत बसवत असावेत.

"किती सालापासून?"

"वाढत गेलं हळूहळू. चार-पाच वर्षं."

"म्हणजे चार-पाच वर्षं मी तुझ्या आईला सोडून ढेकळांस्नी बेल वाहून राहिलो?"

आणि आप्पा हसायला लागले. आधी नुसतं पोट हललं, मग खोकला, मग परत हसू. बायको पाणी घेऊन धावत आली. "काय झालं, आप्पा?"

"पोरी, तुझा सासरा मोजणीत नापास झाला," ते म्हणाले. डोळे पुसत होते. "तिकडं ती वाट बघत बसली असंल. म्हणत असंल, म्हातारा दरसाल येतो आणि शेजारच्याच घरात बसून जातो."

पाणी प्यायल्यावर त्यांनी माझा हात धरला. "आता ऐक. मला तिच्याशेजारीच ठेवायचं. तिथं मात्र पाऊल नको. माझं न्हाई, तुझं न्हाई, कुणाचंच न्हाई. यंत्र लाव." आणि माझ्यासमोर भावाला फोन लावायला सांगून त्यालाही तेच सांगितलं.

तेव्हापासून मी दर रविवारी यंत्र चार्ज करून ठेवू लागलो. ते कशासाठी करतोय याचा विचार न करता.

आप्पा पौषात, सकाळी दहाच्या सुमाराला गेले. गाडी गावात पोचली तेव्हा दुपार कलली होती. शेतात हरभरा उभा होता, घाटे धरलेला. काळी माती कुठंच दिसत नव्हती. आप्पांना विहिरीजवळ सावलीत बसवलं होतं, कपाळाला विभूती लावलेली. विधी करणारे स्वामी येऊन बसले होते. कुदळी, फावडी घेतलेले चौघे बांधावर थांबले होते आणि सगळे माझ्याकडं बघत होते.

मी यंत्र चालू केलं. पडदा उजळला आणि म्हणाला की उपग्रह शोधत आहे.

दीड वर्ष ते उघड्यावर चालू झालं नव्हतं. इतके दिवस बंद राहिलं की त्याला आभाळ नव्यानं ओळखावं लागतं. एक मिनिट गेलं. पाच गेली. बॅटरीच्या चित्रातली एक पट्टी विझली. मी विहिरीच्या कठड्यावर चढलो, उतरलो, उघड्या रानात जाऊन उभा राहिलो. मागून कुणीतरी म्हणालं, "बापाला ठिवायचं सोडून पोरगं मोबाइल बघून राहिलंय."

"मोबाइल न्हाई त्यो," भावाचा आवाज आला. "बघू द्या. आप्पानं सांगितलंय, यंत्रच लावायचं. दमानं घ्या."

आणखी एक पट्टी विझली. हे विझलं तर आप्पांना आईपासून कुठंतरी बारा, वीस, तीस मीटरवर ठेवून मी घरी जाणार होतो, आणि नेमकं किती ते मला उरलेलं आयुष्यभर कळणार नव्हतं.

मग पडद्यावर शेत उमटलं. घराचं छोटं चित्र दिसलं. अठ्ठ्याण्णव मीटर.

मी चालू लागलो. बाण ठरावा म्हणून न थांबता, हरभऱ्याच्या ओळींतून, मान खाली घालून. सत्तर. पन्नास. तीस. ओळी ओलांडताना घाटे पोटऱ्यांना लागत होते. बारा मीटर राहिले तिथं माझं पाऊल अडखळलं, कारण ती आप्पांची जागा होती. तिथून पुढं गेलो. आठ. सहा. चार मीटर, आणि समोर काढून ठेवलेली पायताणं आणि दोन अनवाणी पाय दिसले. मी मान वर केली. भाऊ उभा होता.

"हितंच हाय काकू," तो म्हणाला.

मी पडद्याकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं. "तुला कसं माहीत?"

"दरसाल नांगरतो की मी, दादा. उकरलेली जमीन हाय, नांगर हितं भुसकन आत जातो. म्हणून हितं आलो की उचलून घेतो जरासा." त्यानं वाकून हरभऱ्याचं एक रोप बाजूला सारलं आणि मूठभर माती उचलून माझ्यापुढं धरली. काळ्या मातीत पिवळट मुरमाचे खडे होते, तांदळात डाळीचे दाणे मिसळावेत तसे. "ह्यो खालचा मुरूम. काकूच्या वक्ताला वर आलेला. बाकी रानात न्हाई कुठं."

इतकी वर्षं वैशाखात, उघड्या रानात, आप्पा पावलं मोजत होते आणि मी पडद्याकडं बघत होतो. आमच्या दोघांपैकी एकानंही खाली पाहिलं नव्हतं.

"अरे, मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही इचारलं कधी?" तो म्हणाला. मग माझा चेहरा बघून जरा मवाळ झाला. "आप्पा मोजणीदार. तुम्ही हे एवढं यंत्र घेऊन आलेले. दोघं शिकलेले, काहीतरी हिशोबानंच दोन जागी फुलं ठेवत असाल म्हणलं. आणि आज बी आप्पाचा सबूद होता, यंत्र लावायचा. म्हणून उभा राहिलो गप. म्हणलं, बघू, बाई आणती का दादाला हितपर्यंत."

"आणलं," मी म्हणालो.

"चार हात इकडं-तिकडं," तो म्हणाला, "पण आणलं."

त्यानं बांधाकडं बघून हात केला. माणसं आली. त्यानंच कुदळीच्या टोकानं रेघ ओढून दिली, आईच्या उजव्या अंगाला. लग्नात बसतात तसं. खणताना आधी काळी माती निघाली, मग मुरूम. यंत्र केव्हा विझलं ते मला कळलं नाही; नंतर सदऱ्याच्या खिशाला हात लावला तेव्हा ते गार लागलं.

आप्पांची जागा मी यंत्रात नोंदवली नाही. परवा वैशाखात गेलो. बायको बरोबर होती. अहमदपूरला चहा घेताना मी शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्याला विचारलं, रेणापूरला असंच का? त्यानं सांगितलं, आणि विचारलं, कुणाकडं जायचंय. मी त्याला सगळं सांगत बसलो. चहा गार झाला.

शेतात पोचलो तेव्हा रान नांगरलेलं होतं, काळंभोर. भाऊ विहिरीवर हातपाय धूत होता.

"कुठं रे?" मी विचारलं.

"चला की," तो म्हणाला, आणि ओले पाय न पुसता पुढं चालू लागला. बेलाची पानं हातात घेऊन, खाली बघत, आम्ही त्याच्या मागं गेलो.